हातभर होडी

फुलसावंगीपासून दीड कोसावरच्या तांड्यात किसनसिंगचं घर होतं, आणि त्या घरात बोलण्याचा सगळा कारभार चांद्या नावाच्या बैलामार्फत चाले. बैल बोलत नसे, तेवढा तो शहाणा होता. बोलायची बसंतीबाई, किसनसिंगची बायको. बोलायची बैलाशी, आणि ऐकायचं असायचं किसनसिंगनं. “चांद्या, भाकर निवून राह्यली, ज्याले जेवाचं त्यानं जेवावं,” असं तिनं गोठ्याकडे तोंड करून म्हटलं की किसनसिंग मुकाट्यानं हात धुऊन ताटावर बसे. भाकर गरम असे, तिखटमीठ नेमकं असे, पाण्याचा तांब्या हाताशी असे. नवऱ्याच्या वाट्याला फक्त शब्द नसे.

असा अबोला दीड वर्ष टिकला होता. सुरुवातीला तांड्यानं मजा पाहिली. मग दोन-चार शहाण्या बायांनी मध्ये पडून पाहिलं. मग खेमसिंग नायक स्वतः आला, दोन्हीकडच्या समजुती घातल्या; बसंतीबाईनं नायकाला चहा दिला आणि उत्तर चांद्याला दिलं. त्यानंतर सगळ्यांनी नाद सोडला. त्या घरात बोलणं चाले ते बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, गावात गेलं की वऱ्हाडीत. त्यांचं बोलणं मी सगळं वऱ्हाडीतच सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याला अडायला नको.

कारण तसं लहान नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रेमसिंग पांढरकवड्याला ट्रकवर क्लीनर होता. सत्तावन्नच्या चैत्रात किसनसिंग बंडीच्या चाकांना लोखंडी धावा आणायला तिकडे गेला, तेव्हा पोरानं हॉटेलच्या बाकड्यावर एक छापील कागद पुढं केला. नागपूरला त्याला आरमारात घेत होते. वय थोडं कमी पडत होतं म्हणून बापाची संमती हवी होती. पोराचा चेहरा पाहून किसनसिंगला नाही म्हणवेना. त्यानं अंगठा उठवला आणि तुझ्या याडीला, म्हणजे आईला, मी सांगतो, असं कबूलही केलं. घरी आल्यावर मात्र जीभ टाळूला चिकटली. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन आठवडे गेले. शेवटी विहिरीवर शेजारच्या भुरीबाईनं, जिचा भाऊही ट्रकवरच होता, बसंतीबाईला सहज विचारलं की पोराला समुद्रावर धाडताना तुझं काळीज कसं झालं गं. बसंतीबाई भरलेली घागर तिथंच ठेवून घरी आली. त्या दिवसापासून तिचं नवऱ्याशी बोलणं बंद झालं.

किसनसिंगनं या दुखण्याचं निदान आपल्या परीनं केलं होतं. बाई भ्याली आहे. उभ्या जन्मात तिनं पूस नदीच्या पुरापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. समुद्रावर लोखंडाचं घर तरंगतं आणि त्यात आपलं पोर राहतं, हे तिच्या गळी उतरावं तरी कसं? जहाज बुडत नाही हे एकदा तिच्या डोळ्यांना दिसलं की जीभ आपोआप सुटेल, याबद्दल त्याची खात्री होती. चाळीस वर्षं त्यानं बंड्या घडवल्या होत्या. जे मोडलं ते लाकडानं दुरुस्त होतं, एवढं एकच तत्त्वज्ञान त्याच्याजवळ होतं.

म्हणून त्यानं पोराला पत्र लिहवलं: तुझं जहाज तरंगतं कसं, ते तुझ्या याडीला पटेल असं कळव. पत्र लिहिलं धर्मपाल मास्तरांनी. मास्तर फुलसावंगीचे, तांड्यातल्या एकशिक्षकी शाळेवर होते. दोन वर्षांमागे वडिलांसोबत नागपूरला दीक्षा घेऊन ते परतले, तेव्हा सर्वांत आधी त्यांनी शाळेच्या हजेरीपटावर आपलं नवं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. तांड्यातली झाडून सगळी पत्रं त्यांच्या हातून जात आणि त्यांच्याच तोंडून ऐकली जात. या घरचं त्या घरी ते करत नसत, म्हणून त्यांना मान होता.

पोळ्यानंतर प्रेमसिंगचं उत्तर आलं. मास्तरांनी ते अंगणातल्या मांडवाखाली बसून वाचलं. जहाज कसं तरंगतं हे कागदावर सांगता येत नाही, असं पोरानं लिहिलं होतं. पण मुंबईत एका दुकानात लहान लाकडी होड्यांची खोकी मिळतात. आत कापलेले तुकडे, नकाशा, दोरा आणि सरस असतो. ज्याची त्यानं होडी जोडायची. जहाजावरचे साहेब लोक फावल्या वेळात हाच उद्योग करतात. खोकी तीन प्रकारची आहेत. पहिल्या नंबरात तीन डोलकाठ्यांचं मोठं गलबत, सगळ्या शिडांसकट. दुसऱ्यात लढाईचं जहाज. तिसऱ्यात कोकणातल्या कोळ्यांचा असतो तसा साधा मचवा, हातभर लांब, अंग एकाच ठोकळ्यातून आधीच कोरलेलं. बापूंनी पसंत करावं, मी पार्सल करतो. पण ज्याचा हात नवा आहे त्यानं तिसरंच घ्यावं, असं दुकानदार सांगतो.

“नवा हात कोनाचा?” किसनसिंगनं मास्तरांना विचारलं. पंचक्रोशीतल्या अर्ध्या बंड्या त्याच्या हातच्या होत्या. त्यानं पहिला नंबर लिहायला सांगितलं. कोळ्याचा मचवा पाहून बायकोची खात्री कशी पटणार? मोठं गलबत पाहिजे, तीन डोलकाठ्या पाहिजेत, बघणाऱ्याची छाती दडपली पाहिजे.

मास्तरांनी पत्राच्या मागची बाजू वाचून दाखवली. पहिल्या नंबरात चारशेवर तुकडे होते, त्यातले काही तांदळाएवढे. दोऱ्यांच्या गाठीच दीडशे. नकाशा इंग्रजीत. मास्तर हसून म्हणाले की प्रेमसिंग पेन्शन घेऊन घरी येईल तेव्हा गलबत पुरं होईल. किसनसिंग हट्टाला पेटला. बैल घेताना आपण मरतुकडा घेतो का, असं त्यानं मास्तरांना सुनावलं.

बसंतीबाई गोठ्यात चांद्यापुढं कडबा टाकत होती. ती त्या मुक्या जनावराला म्हणाली, “चांद्या, ज्याले हाकलता येत नाही तो पयल्याच दिवशी मारका बैल जुपत नाही. गरीब बैल जुपते, मंग शिकते. पन आपल्याले कोन पुसते.”

किसनसिंगनं खाली पाहत मातीत रेघा ओढल्या, खोकला काढला आणि पार्सलचं ओझं कमी व्हावं म्हणून तीन नंबरच बरा, असं मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी हसू गिळून तसं लिहिलं. किसनसिंगला मात्र आतून बरं वाटलं होतं. दीड वर्षात बायकोनं त्याच्या कामात पहिल्यांदा लक्ष घातलं होतं, मग ते बैलाच्या तोंडून का असेना.

खोकं आलं ते भादव्याच्या मध्याला. झाकणावर निळ्या पाण्यातला मचवा रंगवला होता आणि आत एकूण सत्तावीस तुकडे होते. किसनसिंगनं अंगाचा ठोकळा उचलला आणि त्याला पहिला धक्का बसला. लाकूड इतकं हलकं की शेवग्याचं असावं. सागाशिवाय ज्यानं कशाला हात लावला नाही, त्याला ती थट्टाच वाटली. त्यानं सवयीनं वाकस घेतला, बाजूची एक पट्टी जरा तासायला म्हणून हलकाच घाव घातला, आणि पट्टीचे उभे दोन तुकडे झाले. मग खिळे ठोकून पाहिले. लाकूड चिरलं. सरसावर त्याचा भरवसा नव्हता. सरसानं चिकटवलेली वस्तू म्हणजे नुसतं तोंडदेखलं काम, असं तो मानत आला होता.

चार दिवस त्यानं खोक्याकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी मास्तर आले, नकाशा मांडीवर घेऊन बसले आणि एकेक ओळ मराठी करून सांगू लागले. प्रत्येक तुकड्यावर आकडा होता, नकाशातही तोच आकडा होता; चाकाचे आरे बसवताना खुणा करतात तसंच. हे कळल्यावर किसनसिंगचं मन बसलं. वाकस त्यानं टांगून ठेवला. हॅकसॉचं मोडकं पातं दगडावर घासून बोटाएवढा चाकू केला, काचकागद घेतला, आणि वावरातून आल्यावर ऊन कलेपर्यंत मांडवाखाली बसू लागला. लाकडाला फक्त कुरवाळायचं आणि ते आपोआप वळतं, असं काम त्याच्या हातानं कधी केलं नव्हतं. काठाची फळी दोन्ही अंगांनी वाकवून नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाशी, आणायची, सरस लावायचा, दोऱ्यानं गुंडाळून रात्रभर ठेवायची. सकाळी दोरा सोडला की फळी जागच्या जागी. तो मग उगाच तिच्यावरून अंगठा फिरवत बसे. साठीच्या माणसाला नवं काही शिकताना जी लाज वाटते ती आठवडाभरात गेली आणि मागे निव्वळ आनंद राहिला.

बसंतीबाई अंगण झाडताना कुसळाएवढ्या त्या ढलप्यांच्या कडेनं झाडू नेई, ढीग मोडत नसे. येता-जाता तिचं पाऊल मांडवापाशी किंचित रेंगाळे. किसनसिंगनं हे सगळं टिपलं होतं आणि मान वर न करण्याची खबरदारी घेतली होती.

एकदा ती चांद्याला म्हणाली, “लाकूड तं लाकूडच हाय, ते तरंगनच. त्याच्यात मानसं आन लोखंड भरा, मंग पाहू.” ती लादणाऱ्याची मुलगी होती. रेल्वे आणि मोटारी आल्यावर बंजाऱ्यांचा बैलांच्या पाठीवरचा व्यापार मोडला, तरी तिचा बाप जिथं बंडी जात नाही अशा डोंगरवाटांनी मीठ आणि धान्य नेत राहिला होता, आणि तिचं लहानपण त्या बैलांवर गोण्या लादण्यात गेलं होतं. तिला रिकाम्या वाहनाचं कौतुक नसावं, यात नवल नाही. किसनसिंगनं मनाशी ठरवलं की होडी सोडायची ती भरूनच सोडायची.

खोक्यात तळाशी एक कागदी पुडी होती आणि पुडीत शिशाच्या चपट्या गोळ्या. नकाशात लिहिलं होतं की वरची फळी चिकटवण्याआधी या गोळ्या मचव्याच्या पोटात, अगदी तळाला बसवाव्या. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. किसनसिंगनं दोन्ही वेळा हात झटकला. कोणत्याही गाडीवाल्यानं झटकला असता. चाळीस वर्षं त्यानं एकच धडा गिरवला होता: बंडी जितकी हलकी, तितकं बैलाला सुख. जिथं एक शेर वाचवता येईल तिथं तो वाचवायचा. गाडीत मुद्दाम मेलेलं ओझं भरून ठेवायला सांगणारा माणूस मूर्ख तरी असावा किंवा शिसं विकणारा तरी. गोळ्या त्यानं खेमसिंगला मासे धरायच्या जाळ्याला बांधायला देऊन टाकल्या आणि वरची फळी छान चिकटवून टाकली. डोलकाठी उभी केली, शीड बांधलं, नाळेवर शेंदराचा ठिपका लावला. बैलांच्या डोणीत त्यानं ती सोडून पाहिली. ती तरंगली. थोडी डुलत होती, पण नवं खोंडही जुवाखाली डुलतंच.

दसरा झाला. आता बायकोला डोहावर न्यायचं होतं, आणि जी बाई आपल्याशी बोलत नाही तिला बोलवायचं कसं, हा पेच होता. शेवटी किसनसिंग गोठ्यापाशी गेला आणि घसा साफ करून म्हणाला, “चांद्या, उद्या सकाळी नाल्याच्या डोहावर होडी सोडून राह्यलो. ज्याले पाहाची त्यानं यावं.” आत भांडी तशीच वाजत राहिली. पण कुडापलीकडून भुरीबाईनं ऐकलं, आणि भुरीबाईनं ऐकलं म्हणजे दवंडीचा खर्च वाचला.

दुसऱ्या दिवशी डोहावर निम्मा तांडा होता. बाया धुण्याच्या निमित्तानं आल्या होत्या, गडी बैल पाजण्याच्या, खेमसिंग नायक आणि धर्मपाल मास्तर कोणतंही निमित्त न करता आले होते. बसंतीबाई जरा बाजूला, एका खडकापाशी उभी होती. तिनं नवा फेटिया, घेरदार घागरा, नेसला होता, पण तिला त्याबद्दल विचारण्याची कुणाची छाती नव्हती.

किसनसिंगनं ज्वारीनं भरलेली अंगठ्याएवढी सहा पोती होडीच्या फळीवर रचली. ती त्यानं स्वतः शिवली होती आणि टाके पाहून ते कळतही होतं. पुढं चार गंजके खिळे ठेवले, त्या तोफा. मग होडी दोन बोटांवर तोलून सगळ्यांना दाखवली. पुढं झुकत नव्हती, मागं झुकत नव्हती. बंडी मागं जड झाली तर उलाळ होऊन मागं कलंडते, पुढं जड झाली तर बैलांच्या मानेवर बसते. एवढं सांभाळलं की ओझं कितीही उंच रचा. त्याची छाती फुगली होती. गुडघाभर पाण्यात जाऊन त्यानं होडी अलगद सोडली.

होडी दोन हात गेली. पलीकडे भुरीबाईनं चिरगुट पाण्यात आपटलं, त्याची एक लहानशी लाट आली, होडी तिच्यावर चढून एका अंगाला कलली, कललेली सावरली नाही, आणि तिनं सरळ पोट वर केलं. सहाही पोती बुडबुडे सोडत तळाला गेली.

“किसनसिंग, बंडी उलटली तं बैल तरी उभे रायते,” खेमसिंग म्हणाला आणि हसला. त्याच्यामागून आणखी कोणी कोणी हसलं. मग एकेकाच्या ध्यानात आलं की खडकापाशी प्रेमसिंगची आई उभी आहे, आणि हसणं थांबलं.

किसनसिंग पाण्यात तसाच उभा राहिला. ते उलटं पडलेलं पोट त्याला पाहवेना. त्याला डोहात होडी दिसत नव्हती. पोर दिसत होतं, पांढऱ्या कपड्यातलं, पांढरकवड्याच्या बाकड्यावर कागद पुढं करणारं. दीड वर्षं तो बायकोच्या भीतीवर औषध घोटत होता आणि भीती त्याच्याच पोटात घर करून बसली होती. त्यानं होडी उचलली. शिडातून पाणी गळत होतं. मागं वळून बायकोकडे पाहण्याचं धैर्य त्याला होईना.

“इकडं द्या.”

बसंतीबाई पाण्यात उतरली होती. नव्या फेटियाचा घेर पाण्यावर पसरला होता. तिनं होडी त्याच्या हातातून घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, डोलकाठी बोटानं हलवून पाहिली.

“असं कुठं लादतेत का?” ती म्हणाली. “ओझं डोक्यावर घेऊन कोनतंही जनावर पान्यातून जात नाही. बैलाची गोणी कुठं रायते? कण्याच्या खाली, दोनी कुशीले. तुमी सगळं वरतं रचून ठेवलं आन पोट रिकामं ठेवलं. पडन नाही तं काय करन?”

सल्ला बरोबर होता की चूक, हे किसनसिंगला त्या क्षणी कळलंच नाही. चांद्या तांड्यात गोठ्यात होता. इथं डोहात दोघंच समोरासमोर होते, आणि ती ‘तुमी’ म्हणाली होती. काठावरून निम्मा तांडा पाहत होता. हे फक्त तिला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

तिनं वरची फळी काढायला सांगितली. आठवडाभर जीव ओतून बसवलेली ती फळी किसनसिंगनं कमरेच्या चाकूनं मुकाट्यानं उचकटली. तिनं कमरेची आरशांचा कशिदा केलेली पिशवी सोडली, सुपारी पदरात ओतली आणि पिशवीत डोहाची बारीक वाळू भरली. दुसऱ्या पिशवीसाठी तिनं हात पुढं केला. त्यानं आपली तंबाखूची चंची रिकामी करून दिली. दोन्ही भरून झाल्यावर तिनं ती दोन तळहातांवर तोलली, एकीतली चिमूटभर वाळू काढली, पुन्हा तोलली.

बैलावर गोणी लादणं हे एकट्याचं काम नाही. एकानं या कुशीला उभं राहायचं, दुसऱ्यानं त्या कुशीला, आणि दोघांनी एकाच दमात उचलायचं. एक आधी आणि एक मागून झालं तर ओझं घसरतं आणि बैल खचतो. म्हणून दोघांतल्या एकाला हाक द्यावीच लागते. लादणाऱ्यांत भांडण असलं तरी लादताना बोलावं लागतं, असा रिवाजच होता. बसंतीबाईनं होडी पाण्यावर ठेवून गुडघ्यांनी सांभाळली आणि चंची त्याच्या हातात दिली.

“तुमी त्या अंगानं,” ती म्हणाली. “हां, एकदम.”

दोघांनी दोन्हीकडून पिशव्या एकदम पोटात ठेवल्या. होडी बोटभर खाली बसली आणि थांबली. मास्तरांनी काठावरून चार जाडसर खडे दिले, ती नवी पोती. तेही तिनं पोटातच मांडले. मग फळी वर ठेवून किसनसिंगनं ती दोऱ्यानं आवळली. भुरीबाईला लाट पाठवायला सांगण्यात आलं. तिनं झालेल्या चुकीची भरपाई म्हणून चार लाटा पाठवल्या. होडी कलली आणि उभी राहिली, कलली आणि उभी राहिली. बसंतीबाईनं पुढं होऊन डोलकाठीचं टोक पार पाण्याला टेकवलं आणि सोडून दिलं. होडी हळूच सरळ झाली. तिनं पुन्हा टेकवलं, पुन्हा सोडलं. तिसऱ्या खेपेला काठावर कुणीतरी टाळी वाजवली आणि खेमसिंग नायकानं जाळ्यातल्या शिशाच्या गोळ्या परत देतो म्हणून जाहीर केलं. किसनसिंगनं त्या नकोत म्हणून सांगितलं.

लोक पांगले. बाया धुण्याकडे वळल्या, मास्तर शाळेची वेळ झाली म्हणून निघाले. फेटियाचा घेर पिळण्यासाठी बसंतीबाई खडकावर टेकली, तसा किसनसिंगही होडी मांडीवर घेऊन शेजारी बसला. त्याला फार बरं वाटत होतं.

“पाह्यलं ना?” तो म्हणाला. “प्रेमाचं जहाज बी असंच हाय. पोटात ओझं घेऊन चालते. आता गेलं ना तुह्यं भेव?”

“कोनतं भेव?”

“जहाज बुडन म्हनून तू बोलनं टाकलं होतं ना.”

बसंतीबाई पिळायची थांबली. वेड्याकडे थोड्या मायेनं पाहावं, तसं तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग सांगितलं की ती लादणीवाल्याची मुलगी आहे. तिचा बाप चार-चार महिने वाघाच्या रानातून बैल न्यायचा आणि घरची माणसं निवांत जेवून झोपायची. धंद्यावर गेलेल्या माणसाची काळजी करत बसायचं नसतं, हे तिला दुधाबरोबर पाजलं होतं.

“बुडन म्हनून नाही टाकलं बोलनं,” ती म्हणाली. “मले पुसलं नाही म्हनून टाकलं. लेकरू दोघायचं आन अंगठा तुमी एकट्यानं उठवला. माह्या पोराचं मले भुरीनं सांगावं, विहिरीवर?”

किसनसिंगच्या मांडीवर होडी होती. सत्तावीस तुकडे, दीड महिना, दोन वेळा मुंबईचं टपाल. त्यानं ती खाली ठेवली.

“पुसलं असतं तं?” त्यानं विचारलं.

“जा म्हनलं असतं. त्याच्या मनात होतं, मले दिसत नव्हतं का?”

उत्तर द्यायला त्याच्याजवळ लाकडातलं काही नव्हतं. “चुकलो मी,” तो म्हणाला. दीड वर्षात हे दोन शब्द त्याच्या तोंडी आले नव्हते, कारण ते लागतील असं त्याला वाटलंच नव्हतं.

“चुकले तुमी,” बसंतीबाईनं मान्य केलं, आणि उठली.

वाटेनं ती बोलत होती. दीड वर्षाचं साचलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं: छपराचा वासा कुजला आहे, गाय यंदा उशिरा फळली, रुपीबाईच्या मुलीचं कुठं ठरत आहे, रात्री तुम्ही घोरता ते गोठ्यापर्यंत ऐकू येतं, पोराला पत्रात तब्येतीचं विचारता आणि जेवणाचं कधी विचारत नाही. किसनसिंग ओली होडी काखेत धरून मागून चालत होता आणि एकही शब्द खाली पडू देत नव्हता. त्यातलं निम्मं त्याला चांद्याच्या मार्फत आधीच कळलेलं होतं. तरी तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा हुंकार देत राहिला, आणि आपण किती सुखी माणूस आहोत हे त्याला स्वतःलाच खरं वाटेना.

नाल्याकाठच्या वावरापाशी ती थांबली. जमीन तयार होती, ओल बरी होती. यंदा इथं काय पेरायचं, असं तिनं विचारलं. किसनसिंगच्या ओठांवर ‘गहू’ आलाच होता, कारण परवाच त्यानं खेमसिंगला त्याच्याकडचं गव्हाचं बियाणं घ्यायचा शब्द देऊन टाकला होता.

“तुले काय वाटते?” तो म्हणाला.

ती वळली. थट्टा चालली आहे का, हे पाहण्यासाठी तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग हरभरा, असं सांगून ती हरभराच का याची कारणं देऊ लागली. कारणं तांड्याच्या पहिल्या घरापर्यंत पुरली. किसनसिंगनं ती सगळी ऐकून घेतली, आणि खेमसिंग नायकाला आता कोणत्या तोंडानं काय सांगायचं, याची मनातल्या मनात तयारी करू लागला.